म्हणजे की मध्ये

"थांब! आधी खडू खाली ठेव," बाबा म्हणाले. "मग प्रश्न विचार. हातात खडू दिसला की पोरांना वाटतं, बाई आता उत्तर लिहिणारच आहेत, आपण कशाला डोकं शिणवायचं?"

मी खडू ओट्यावर ठेवला, पोह्यांच्या परातीशेजारी. आमच्या घरी फळा स्वयंपाकघरात होता, कारण सगळ्या घरात तेवढीच एक भिंत रिकामी होती. तिच्यावर फडताळ लावून द्या म्हणून आई लग्न झाल्यापासून मागे लागलेली. बाबांनी फळा लावला.

"आता विचार."

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय दिलं?"

"लगेच पुढं जाऊ नको. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघेपर्यंत थांबायचं. कुणी म्हणेल शेत, कुणी म्हणेल मार. हं, आता सांग."

"नाक."

"अगं, असं सर्दी झाल्यासारखं काय म्हणतीस? जोरात! नाक म्हटलं की वर्ग हसलाच पाहिजे."

"अहो, तिला तिच्या तोंडानं बोलू द्या की जरा," आई पोहे परतता परतता म्हणाली.

"तोंड तिचंच आहे. शब्द माझे आहेत, आणि ते कसाला उतरलेले आहेत."

ते खरंच होतं. परभणीच्या आमच्या तंत्रनिकेतनात संगणकाचा विभाग निघाला तेव्हापासून वारसा हा विषय एकच माणूस शिकवत आलेला, तो म्हणजे किशनराव कच्छवे, आमचे बाबा. वारसा म्हणजे शेतजमिनीचा नव्हे, प्रोग्रामिंगमधला. एक क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, लिहिलेला असतो. दुसरा क्लास लिहिताना त्याच्या नावापुढं दोन टिंबं द्यायची आणि पहिल्याचं नाव लिहायचं. झालं, पहिल्याचं सगळं दुसऱ्याला आयतं मिळतं, पुन्हा लिहावं लागत नाही. प्राणी खातो, प्राणी झोपतो. मग कुत्र्याला खायला नि झोपायला वेगळं शिकवायचं नाही, फक्त भुंकायचं तेवढं लिहायचं. "दोन टिंबांत बाप बसतो," असं बाबा म्हणायचे, आणि बस स्टँडवर भेटलेला त्यांचा कुठलाही जुना विद्यार्थी ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

बाबा आदल्या जूनला निवृत्त झाले होते. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी त्या दिवशी मुलाखत होती आणि उमेदवारांत मी होते. कुणालाही विचारून न घेता बाबांनी गावभर सांगून टाकलं होतं. दाढी करता करता न्हाव्याला सांगितलं, "खुर्ची घरातच राहतीय." तंत्रनिकेतनातले लोक चहा पिता पिता म्हणत होते, "वारसाहक्कानं सातबाऱ्यावर नाव लागतं, हजेरीपटावर नाही." तेही आमच्यापर्यंत आलं होतंच. परभणीत बातमी चालत येत नाही, रिक्षानं येते.

जागा मिळाली नाही तर मला पुण्याला मावशीकडं जाऊन नोकरी शोधायची होती. माझी बॅग भरून माळ्यावर ठेवलेली होती. पण मला शिकवायचं होतं, आणि इथंच शिकवायचं होतं. बाबांच्या वर्गाबाहेर खिडकीला लटकून मी मोठी झाले. त्या वर्गात आत उभं राहायचं, एवढं एकच स्वप्न मी कधी बदललं नाही. आणि आत उभं राहिलं की काय बोलायचं, तेही मला पाठ होतं. तीच तर माझी अडचण होती, पण पोहे खाताना मला तसं काही वाटलं नाही.

"एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही," बाबा लिंबू पिळत म्हणाले. "वारसा पोरांना झकास कळतो. पण पात्र वर्ग आला की गडबड करतात. परीक्षेत त्या एका प्रश्नाला दर वर्षी मार्क घालवतात. हुशारातली हुशार पोरं. कितीदा सांगितलं, तरी तीच चूक."

पात्र वर्ग हा शब्द बाबांचाच. ज्या क्लासच्या पोटात दुसऱ्या क्लासची वस्तू ठेवलेली असते, त्याला इंग्रजी पुस्तकात कंटेनर म्हणतात. आमची बहुतेक मुलं गावाकडून मराठी शाळांतून आलेली, म्हणून बाबांनी त्यांच्यासाठी एकेक शब्द मराठीत केला होता. कंटेनर म्हणजे भांडं, भांडं म्हणजे पात्र, आणि क्लास म्हणजे वर्ग. ह्या शब्दावर ते फार खूश होते.

"शेवटी वेळ कमी पडत असेल," मी म्हटलं.

"असेल. तू तो भाग भरभर उरकून टाक."

बाबांनी मला स्कूटरवरून सोडलं. फाटकाशी उतरताना मी म्हटलं, आता तुम्ही घरी जा. ते म्हणाले, हो हो, जातोच. आणि स्कूटर कडुलिंबाखाली लावून तिच्यावरच बसले.

मुलाखतीला चिठ्ठी काढून मिळालेला विषय खऱ्याखुऱ्या वर्गात शिकवून दाखवायचा होता. मी चिठ्ठी उघडली: वारसा आणि पात्र वर्ग. मला मनातल्या मनात नाचावंसं वाटलं. बाबांचं हुकमाचं पान माझ्या हातात आलं होतं.

वर्गात मात्र पोरांची तोंडं आंबट होती. आमच्या मुलाखतींनी त्यांची जेवणाची सुट्टी खाल्ली होती. आधीच्या उमेदवारानं तर पुस्तकच वाचून दाखवलेलं. बाकांवर न उघडलेले डबे, वर एप्रिलमधलं परभणीचं ऊन, आणि एकच पंखा, तोही कुरकुरणारा. मागच्या बाकावर समिती बसली होती: आमचे प्राचार्य, डोळे मिटून विचार करणारे एक सरकारी प्रतिनिधी आणि औरंगाबादहून आलेल्या तज्ज्ञ डॉ. पद्मजा औंढेकर. बाईंचे केस बारीक कापलेले होते आणि नजर भिंगासारखी होती.

मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं: वारसा. त्याच्याखाली: पात्र वर्ग. वळले. खडू खाली ठेवला.

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय दिलं?"

"नाक!" खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला.

वर्गानं त्या पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या नाकाकडं. माझं नाक थेट बाबांचं आहे, पुढं आलेलं आणि शेंड्याला किंचित डावीकडं वळलेलं. वर्ग असा हसला की सरकारी प्रतिनिधींनी डोळे उघडले.

"बरोबर," मी घाम पुसत म्हटलं. "नाव काय तुझं?"

"मुंजाजी."

"तर मुंजाजी, नाक मिळालं, पण ते कुठं..."

"कुठं खुपसायचं ते आपलं आपण ठरवायचं," मुंजाजीनं वाक्य पुरं केलं. "सर म्हणायचे ना, मॅडम. मी गेल्या साली याच वर्गात व्हतो."

मुंजाजी नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला होता. बाबांचं व्याख्यान त्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं. आणि तो खोडसाळ नव्हता हो, हीच तर पंचाईत. आपल्याला उत्तर येतंय ह्या आनंदानं त्याचा चेहरा फुलला होता. मी पुढं रेटलं. प्राणी काढला, कुत्रा काढला. कुत्र्यानं भुंकायच्या आधी मुंजाजी भुंकला.

"मॅडम, एक मिनिट," मागून औंढेकर बाई उठल्या. आवाज शांत होता. "हे व्याख्यान मी ऐकलंय. शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आमच्याकडं, तेव्हा कच्छवे सरांनी दिलं होतं. ते ह्याच जागी थांबले होते, आणि आम्ही ह्याच जागी हसलो होतो. फार सुंदर शिकवतात सर."

"हो," मी म्हटलं.

"पण आम्ही सरांची जागा भरायला आलोय. सर आता निवृत्त झालेत. तुमचं स्वतःचं काही असेल तर ते दाखवा. वेळ आहे अजून."

त्या बसल्या. मी खिडकीकडं पाहिलं. बाहेर कडुलिंब दिसत होता. स्कूटर होती, पण तिच्यावर बाबा नव्हते. बाबा खिडकीच्या खालीच उभे होते, मान तिरकी करून, कान वर्गाकडं. त्यांचं टक्कल तेवढं चौकटीत दिसत होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझ्याकडं पुढचं वाक्य होतं, त्याच्या पुढचंही होतं, शेवटपर्यंतचं होतं. त्यातलं एकही माझं नव्हतं. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

"मॅडम," मुंजाजीनं हात वर केला. मी मनात म्हटलं, आता काय बाबा? "एक इचारायचं व्हतं. गेल्या सालीच इचारणार व्हतो, पण तास संपला. ते फळ्यावर लिव्हलंय ना, पात्र वर्ग. ते आमच्याबद्दल हाय का?"

"तुमच्याबद्दल?"

"म्हंजी परीक्षेला पात्र असलेला वर्ग. हजेरी कमी पडली म्हणून माझं नाव अपात्रात लागलं व्हतं गेल्या साली. तवा मला वाटलं, हा धडा आपल्यासाठी नाही. म्हणून मी काय तो वाचलाच नाही."

वर्गात हशा पिकला. प्राचार्य रुमालात हसले. मला मात्र हसू आलं नाही. बाबांनी मोठ्या प्रेमानं केलेला शब्द, आणि हे पोर तो वाचून बाहेरच्या बाहेर परत गेलं होतं. कुणी आत घेतलंच नव्हतं त्याला.

"मुंजाजी, तो डबा घेऊन इकडं ये," मी म्हटलं.

"डबा?"

"तो समोरचा."

तो डबा छातीशी धरून आला. मी टेबलावर ठेवायला लावला, उघडायला लावला. ठेच्याचा वास पसरला आणि अख्ख्या वर्गानं एकदम श्वास आत घेतला.

"हे पात्र," मी म्हटलं. "पात्र म्हणजे भांडं. ज्यात काहीतरी मावतं ते. वर्ग म्हणजे आपला क्लास, तुम्ही बसता तो नव्हे. ज्या क्लासमध्ये दुसरं काहीतरी ठेवलंय तो पात्र वर्ग. परीक्षेचा इथं काही संबंध नाही."

"मग अपात्र म्हंजी ज्यात काही मावत नाही ते?"

"हो, तसं म्हण."

"मग मी कसा काय अपात्र? माझ्यात तीन भाकरी मावत्यात!"

ह्या वेळी मीही हसले. "बरं, डब्यात काय आहे सांग."

"डब्यात भाकरी आहे. पिठलं आहे. ठेचा आहे." मॅडमसमोर म्हणून त्यानं शुद्ध बोलायचा प्रयत्न केला.

"आता हा डबा क्लास म्हणून फळ्यावर लिही."

मुंजाजीनं खडू घेतला, जीभ दातांत धरली आणि लिहिलं: क्लास डबा. मग दोन टिंबं. मग: भाकरी.

मी बघतच राहिले. दोन टिंबं म्हणजे वारसा. भाकरी बाप आणि डबा तिचा पोरगा!

"असं का लिहिलंस?"

"सरांचा नियमच हाय ना, मॅडम. सरांच्या तासाच्या वह्या अजून फिरत्यात वर्गात. जिथं ‘आहे’ येतं तिथं दोन टिंबं. कुत्रा प्राणी आहे, दोन टिंबं. डब्यात भाकरी आहे, दोन टिंबं."

"किती जणांनी असंच लिहिलं असतं?" मी वर्गाला विचारलं.

आधी कुणी हलेना. मग एक हात वर आला, मग बाक संपेपर्यंत हात वर. पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या, हुशार मुलींचेही.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरं मठ्ठ नव्हती, वेळही कमी पडत नव्हता. इंग्रजी पुस्तकात ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ ह्यांना ‘इज’ आणि ‘हॅज’ असे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून तिथं तो नियम चालतो. आपल्या मराठीत एकच ‘आहे’. कुत्रा प्राणी आहे, डब्यात भाकरी आहे, मला बहीण आहे, मी शहाणी आहे, सगळ्याला तेच. बाबांनी नियम मराठीत आणला आणि तो ह्या एका शब्दावर पालथा पडला. दर वर्षी पडत होता. पोरं सरांचा नियम तंतोतंत पाळत होती, म्हणून चुकत होती.

खिडकीतलं टक्कल हललं नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते त्यांच्या वर्गात, त्यांच्या पोरांसमोर, त्यांच्या कानावर पडेल असं म्हणावं लागणार होतं. मी मुंजाजीच्या हातातला खडू घेऊन खाली ठेवला आणि थांबले. गप्प बसून वेळ मारून नेता आली असती. पण मुंजाजी माझ्याकडं असा बघत होता, की आता तरी ही बाई मला आत घेते का नाही.

"मुंजाजी, तू नियम बरोबर पाळलास," मी म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. "नियमच अपुरा आहे. ‘आहे’वर जाऊ नका. ‘आहे’ फसवतं. ‘आहे’ काढून टाका आणि तिथं दोन शब्द घालून बघा. एक ‘म्हणजे’, दुसरा ‘मध्ये’. जो शोभेल तो खरा. कुत्रा म्हणजे प्राणी?"

"हो!"

"कुत्र्यामध्ये प्राणी?"

"खाल्ला असंल तर!" मागून कुणीतरी.

"गप रे. मग कुत्र्याला काय द्यायचं?"

"दोन टिंबं!"

"डबा म्हणजे भाकरी?"

"नाहीऽऽ!"

"डब्यामध्ये भाकरी?"

"हो!"

"मग दोन टिंबं पुसा, मुंजाजी. भाकरी बाहेर नाही, आत लिहायची. डब्याच्या कंसांच्या आत."

त्यानं हाताच्या तळव्यानं टिंबं पुसली आणि खडू उचलून भाकरी आत लिहिली. मग न सांगता पिठलंही लिहिलं आणि ठेचाही.

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. मोटारसायकल म्हणजे इंजिन? मोटारसायकलमध्ये इंजिन? बैल म्हणजे जनावर? सून म्हणजे माणूस? एकानं ओरडून विचारलं, "सरकारमध्ये मंत्री का सरकार म्हणजे मंत्री?" आणि त्यावर वर्गात दोन तट पडले. सरकारी प्रतिनिधी आता पूर्ण जागे होते.

"पण मॅडम," मुंजाजी अजून फळ्यापाशीच होता. "टिंबं दिली काय आन् आत लिव्हलं काय, फरक काय पडतो? खायची ती भाकरीच ना?"

प्रश्न चांगला होता. बाबांच्या व्याख्यानात त्याचं उत्तर नव्हतं, कारण तिथंपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

"उद्या आईनं भाकरीऐवजी पोळी दिली तर?"

"पोळी खाईन."

"डबा नवा आणशील?"

"कशाला? डबा तोच. आतलं बदललं नुसतं."

"आणि नाक बदलायचं म्हटलं तर?"

त्यानं स्वतःचं नाक चाचपलं, मग हळूच माझ्या नाकाकडं पाहिलं. "ते नाही बदलता येत."

"बस्स, हाच फरक. दोन टिंबांनी जे येतं ते जन्माचं. आपल्याला कुणी विचारत नाही. आणि मध्ये जे ठेवतो ते आपण निवडून ठेवतो. आवडलं तर राहू दिलं, नाही तर काढलं."

एवढं बोलले आणि घंटा झाली. पोरं डब्यांवर तुटून पडली. मुंजाजीनं जाता जाता मला भाकरीचा तुकडा नि ठेचा दिला आणि मी तो समितीसमोर उभ्या उभ्या खाल्ला. ठेचा असा जहाल, की डोळ्यांतून पाणी आलं. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगितलं.

औंढेकर बाई दारात थांबल्या. "निर्णय उद्या लागेल. तो मी आत्ता सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. मग भिंगासारखी नजर जरा निवळली. "पण ते म्हणजे आणि मध्ये, ते मी सोमवारपासून माझ्या वर्गात वापरणार आहे. तुमची हरकत नाही ना?"

मी नुसती मान हलवली, तोंडात ठेचा होता.

यादी दुसऱ्या दिवशी लागली. पात्र उमेदवारांत पहिलं नाव माझं होतं, आणि ते आधी मी नाही, मुंजाजीनं वाचलं. "मॅडम, तुमच्यातबी मावलं की सगळं!" म्हणून तो आमच्या घराबाहेरूनच ओरडला. तो त्या वर्षी पास झाला, पुढं शिकला, आता पुण्यात एका कंपनीत आहे आणि नव्या पोरांना शिकवायचं कामही करतो. काय शिकवतो ते सांगायला नको.

पण त्या दुपारी मला यादीचं काही माहीत नव्हतं. मी बाहेर आले तर खिडकीखाली कुणी नव्हतं. कडुलिंबाखाली स्कूटरही नव्हती.

बाबा मला न घेता निघून गेले होते. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी रिक्षात बसले आणि सगळा रस्ता मनाशी म्हणत राहिले, आपण हे काय करून बसलो! नियम अपुरा आहे, भर वर्गात, केवढ्यानं! घरी आल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? नोकरी मिळाली नाही तर बॅग भरलेली होती. पण बाबांचा चेहरा पडलेला बघायची तयारी कुठल्याही बॅगेत नव्हती.

घरात शिरले तर आई कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसलेली.

"काय झालं?"

"जा, बघ तुझ्या बापाचे उद्योग. मला स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही."

आत सगळी मांडणी जमिनीवर उतरली होती. डबे, पातेली, कुकर, इडलीपात्र, मिसळणाचा डबा, बरण्या, पुरणयंत्र. मधोमध बाबा मांडी घालून, बनियनवर, गुडघ्यावर खडूची पावडर. फळ्याच्या मधोमध उभी रेघ होती. एका बाजूला ‘म्हणजे’, दुसऱ्या बाजूला ‘मध्ये’.

"बस," त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं. "कुकर म्हणजे पातेलं. बरोबर. कुकरमध्ये शिट्टी. बरोबर. इडलीपात्रापाशी अडलोय. इडलीपात्र म्हणजे पातेलंही होतं आणि इडलीपात्रामध्ये ताटल्याही असतात."

"दोन्ही चालतं, बाबा. टिंबं पण द्यायची आणि आत पण लिहायचं."

"असं होय?" त्यांनी उठून दोन्ही बाजूंना इडलीपात्र लिहिलं. मग फळ्याकडंच तोंड करून उभे राहिले. "इतकी वर्षं पोरं का चुकतात म्हणून मी पोरांवर चिडत होतो. पायातली चप्पल आणि मी गावभर शोधतोय. ‘आहे’! आपल्या रोजच्या तोंडातला शब्द."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो की. खिडकीत उभा होतो तेव्हा फार रागावलो. मग वाटलं, हे घरी जाऊन करून बघितलंच पाहिजे. तुला घ्यायचं राहून गेलं. खरंच विसरलो गं." ते वळले. चेहरा पडलेला नव्हता, पण डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "झकास शिकवलंस, उर्मे. एकच वाटलं. डबा उघडल्यापासून पुढं मी कुठंच नव्हतो."

"होतात की."

"उगीच समजूत काढू नको. एकही वाक्य माझं नव्हतं."

"वाक्य नसेल. पण मी खडू..." मी बोलता बोलता थांबले. मला तोवर कळलंच नव्हतं. पाठ केलेलं व्याख्यान गेलं, विनोद गेले, नियम गेला. आणि तरी बोलायच्या आधी मी खडू खाली ठेवला होता. त्या क्षणी कुणी सांगितलं नव्हतं. पोरं एकमेकांकडं बघेपर्यंत थांबलेही होते.

बाबांच्या लक्षात आलं. खडू ठेवल्याचा आवाज खिडकीखाली त्यांनी ऐकलाच असणार. त्यांनी हातातला खडू शांतपणे ओट्यावर ठेवला, आणि त्यांच्या नेमक्या, वर्गातल्या आवाजात विचारलं, "मग सांग बघू. म्हणजे की मध्ये?"

"मध्ये," मी म्हटलं.

"पूर्ण वाक्यात."

आई दारात येऊन उभी राहिली होती. मी जमिनीवरचा एक डबा उचलून पोटाशी धरला, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"नाक मला तुमच्याकडून आलं, ते मी मागितलं नव्हतं," मी म्हटलं. "पण माझ्यामध्ये तुम्ही आहात, बाबा. ते मी ठेवलंय."